भगव्या कापडाखालचा आकडा

सकाळचे नऊ वाजायच्या आत काशीच्या राजा घाटाच्या वरच्या गल्लीत इतकी माणसं जमली की दूधवाल्याला सायकल उलटी वळवून दुसऱ्या गल्लीने जावं लागलं. वेणीमाधवशास्त्री पायगुंड्यांच्या बाहेरच्या खोलीत आज एक यंत्र जिवंत होणार होतं. महिन्याभरापूर्वीच उभ्या देशाने गणपतीच्या मूर्तींना चमच्याने दूध पाजलं होतं. त्यामुळे लोक तयारीतच होते. एकदा चमत्काराची चटक लागली की माणूस पुढच्या चमत्काराची फार दिवस वाट बघत नाही.

यंत्र म्हणजे शास्त्र्यांचा संगणक. नागपूरच्या एका यजमानाने तो दोन वर्षांपूर्वी भेट दिला होता. ऐन पितृपक्षात तो रुसला. एक काम नीट करायचा, दुसरं सांगितलं की रेंगाळायचा आणि तिसरं सांगितलं की गोठून बसायचा. तिकडे आजोबांच्या तिथीसाठी आलेले यजमान हातात दर्भ घेऊन ताटकळत. आता तो बरा करायला स्मरणगिरी महाराज आले होते. मृगाजिनावर बसून ते डोळे मिटून हसत होते.

"इस यंत्र में स्मृति कितनी है?" महाराजांनी विचारलं.

"चार मेगाबाइट," त्यांच्या मागे उभा असलेला शिष्य म्हणाला. त्याचं नाव गोपीनाथ. चाळिशीचा, किडकिडीत, बोटांना अजूनही टाइपरायटरच्या तेलाचा वास असलेला.

"चार वेद, चार धाम, चार आश्रम," महाराजांनी बोटं मोजली, "और चार मेगाबाइट. ये संयोग नहीं है, भक्तजनो."

आठ मेगाबाइट असती तर अष्टसिद्धी निघाल्या असत्या आणि पाच असती तर पंचमहाभूतं. पण हा हिशोब करायची त्या गर्दीत कुणाला फुरसत नव्हती. समोरच्या घरातल्या अंबिकाकाकूंनी तर दोन्ही हात जोडून टाकले.

"स्मृति सोई है," महाराज पुढे म्हणाले. "सोई हुई स्मृति प्रकाश नहीं सह सकती. वस्त्र डालो."

गोपीनाथाने संगणकावर एक भलंमोठं भगवं कापड पसरलं आणि धुपाटणं घेऊन स्वतःही त्या कापडाखाली शिरला. महाराजांनी डमरू घेतला. मंत्र सुरू झाला. तो कुठल्या वेदातला, हे शास्त्र्यांनाही ओळखता आलं नाही, पण आवाज मात्र खणखणीत होता. दहा मिनिटं डमरू कडाडला, कापड हललं, धूर झाला, दोघंतिघं खोकले. मग कापड ओढलं गेलं.

पडद्यावर तीन चौकटी उघडलेल्या होत्या. एकीत यजमानांची नामावळी, दुसरीत पंचांगाचं गणित, तिसरीत देवनागरीतलं पत्र. गोपीनाथाने एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाऊन दाखवलं. काही गोठलं नाही.

"हर हर महादेव," गल्ली गर्जली. अंबिकाकाकूंनी पुढे होऊन पडद्याच्या काचेला हळदकुंकू लावलं. शास्त्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि गोपीनाथाच्या खांद्यावर घातली.

"गोपीनाथराव," ते म्हणाले, "धन्य आहात."

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन शास्त्र्यांची मुलगी शरदिनी उभी होती. तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते इथेच प्रामाणिकपणे सांगायला हवं. शंका आली नाही. ही मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी बाई, तिच्या मनात शंका आली असं लिहायला बरं वाटलं असतं. पण आला तो मत्सर.

कारण तो संगणक तिचा होता. भेट वडिलांना, म्हणजे अप्पांना, मिळाली होती, पण त्याच्याशी झटापट तिने केली होती. शास्त्र्यांच्या घराण्याकडे एक्केचाळीस वह्या होत्या. पुणे, सातारा, नागपूर, कुठून कुठून काशीला आलेल्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांत होती. आलेल्याने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, खाली सही किंवा अंगठा, आणि पुढच्या पिढीने येऊन तो अंगठा बघायचा. पहिल्या वह्या मोडीत होत्या. शरदिनीने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संगणक शिकून घेतला, मोडी शिकून घेतली आणि दोन उन्हाळे घामाघूम होऊन चौदा वह्या यंत्रात उतरवल्या. मूळ वहीत मात्र तिने कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. यजमानांखेरीज वहीवर लेखणी चालायची ती घरातल्या पुरुषाची, आणि अप्पांना मुलगा नव्हता.

त्या दोन वर्षांत अप्पा तिच्या कामाविषयी एकच वाक्य बोलले होते. "उठताना पंखा बंद कर."

आणि या तेलकट बोटांच्या माणसाला शाल.

"ताई, चहा आणा ना इकडे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. तिने चहा दिला. गोपीनाथ अप्पांच्या शेजारी, अप्पांच्याच पाटावर बसला होता. त्याने कप घेताना तिच्याकडे पाहिलं नाही.

*

चहा झाल्यावर महाराज मुद्द्यावर आले.

"शास्त्रीजी, एक बाधा है. एक नाम दो जगह नहीं रह सकता. वही में भी, यंत्र में भी, इसलिए स्मृति पर बोझ है. त्रिपुरी पौर्णिमेला सगळ्या वह्या गंगार्पण करा." अधूनमधून ते मराठीही बोलत, म्हणजे ऐकणाऱ्याला आपलेपणा वाटे. "जे यंत्रात नाही, तेही आपोआप उतरेल. जल से स्मृति, स्मृति से यंत्र."

जीर्ण पोथ्या, भंगलेल्या मूर्ती गंगेत सोडायच्या हा काशीतला जुनाच रिवाज. त्यामुळे कुणालाच यात वावगं वाटलं नाही. वह्या एका पेटीत घालायच्या, पेटीला महाराजांनी मोहोर करायची आणि ती महाराजांच्या नावेतून मध्यधारेत न्यायची. बरोबर घरचं कुणी नको, कारण दान गुप्त असायला हवं.

"अप्पा, मी चौदाच वह्या उतरवल्यात," सगळे गेल्यावर शरदिनी म्हणाली. "सत्तावीस राहिल्यात."

"त्या उतरतील आपोआप. ऐकलं नाहीस?"

"आपोआप काही उतरत नाही. चौदा वह्यांना मला दोन वर्षं लागली."

"तुला लागली," अप्पा म्हणाले. ते दुखवायला बोलले नव्हते, सरळ मनाने बोलले होते, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुझ्याच्याने दोन महिने जे झालं नाही ते त्या माणसाने दहा मिनिटांत केलं. मग त्याच्या गुरूचं ऐकायचं की तुझं?"

शरदिनी पडद्यावरचं कुंकू पुसत बसली. आठ दिवस हातात होते. तो माणूस लबाड निघावा असं तिला इतकं मनापासून वाटत होतं की तिलाच त्याची भीती वाटली. हवंहवंसं वाटणं हा काही पुरावा नव्हे, हे ती रोज वर्गात मुलींना सांगत असे. उत्तर आधी ठरवून गणित मागून मांडू नका, असं म्हणून तिने कितीतरी वह्यांवर लाल रेघा मारल्या होत्या.

तेव्हा तिने गणित पुढून मांडलं. यंत्राला झोप येते का, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला. सोमवारी सकाळी कापडाखाली काय बदललं, एवढंच शोधायचं ठरवलं.

संगणकाची एक चांगली खोड असते. कुठल्या फायलीला शेवटचा हात कधी लागला, ते तो तारीख-वेळेसह लिहून ठेवतो आणि विचारलं की निमूट सांगतो. शरदिनीने सगळ्या फायली तारखेच्या क्रमाने लावल्या. हजारभर फायलींत एकच वेगळी निघाली. तीस ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटं. त्याच वेळी डमरू कडाडत होता.

सापडलास, ती मनात म्हणाली आणि फाईल उघडली.

ती 'सामान्य माप' नावाची फाईल होती. ज्या प्रोग्रामला वेगळं काही सांगितलेलं नाही, त्याला किती स्मृती द्यायची ते त्या फायलीत लिहिलेलं असतं. तिथे आता पाचशे बारा किलोबाइट हा आकडा होता, आणि 'घेतलेली जागा अडवून ठेव' या सूचनेपुढची खूण काढून टाकलेली होती.

आधी काय होतं? तिने आपली कोर्सची वही काढली. श्रावणात पंचांगाचा आणि पत्रांचा प्रोग्राम नव्याने बसवला तेव्हा तिने सगळं टिपून ठेवलं होतं. तिच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'मर्यादा: नाही. अडवून ठेवणे: होय. म्हणजे कशालाच काही कमी पडणार नाही.'

शरदिनीने ती ओळ पुन्हा वाचली. यंत्रात बिघाड नव्हता. शिष्याने कारस्थान करून ते आधी बिघडवलंही नव्हतं. उदार होऊन, शहाणपणाच्या तोऱ्यात, चूक तिनेच करून ठेवली होती. तेलकट बोटांच्या माणसाने ती ओळखली होती, कापडाखाली, धुरात, दहा मिनिटांत. मत्सर कमी होईल असं वाटलं होतं, तो दुप्पट झाला.

*

गोपीनाथचं दुकान गोदौलिया चौकाजवळच्या एका जिन्याखाली होतं. शाळा सुटल्यावर ती तिकडे गेली. तो एका टाइपरायटरच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"पाचशे बारा," ती म्हणाली.

त्याने डोकं वर काढलं. फारसा दचकला नाही. "बसा ताई. उशिरा आलात, मला वाटलं होतं दुसऱ्याच दिवशी याल."

"हे तुम्ही चारचौघांत करून दाखवलं असतं तर? कापड कशाला? महाराज कशाला?"

"ताई, तुमच्या घरी मी आधी आलेलो आहे. आठवतं? अप्पांचा टाइपरायटर दुरुस्त करायला. दोनदा."

तिला आठवत नव्हतं.

"कसं आठवेल. चहा दारात मिळाला होता, फुटक्या कपात. मेकॅनिक आदमी. या शहरात हाताला तेल लागलेल्या माणसाला कोण पाटावर बसवतो? महाराजांच्या मागे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा कुणी मला राव म्हणालं." तो फडक्याला बोटं पुसू लागला. "काम तेच. फक्त कापड भगवं."

कोणी आपल्याकडे बघत नाही याचा राग कसा असतो हे शरदिनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि वह्या?" तिने विचारलं.

"ते महाराजांचं काम. मी त्यात बोलत नाही." त्याने नजर चुकवली. मग जरा ताठ झाला. "तुम्हाला सगळ्यांना सांगायचं असेल तर सांगा. पण पूरं सांगा. मी काय बरोबर केलं ते सांगाल तेव्हा आधी कुणी चुकीचं केलं होतं तेही सांगावं लागेल. अप्पांसमोर, सगळ्या मोहल्ल्यासमोर. बोला, सांगाल?"

ती उठून निघाली. घाटावरून घरी येताना त्याचा प्रश्न तिच्या बरोबर चालत होता. गप्प राहिलं तर वह्या जाणार. बोललं तर दोन वर्षांच्या कामावर अप्पांची एकमेव आठवण राहणार, की शरूने यंत्र बिघडवलं होतं आणि गोपीनाथरावांनी नीट केलं. शाल त्याची होती ती त्याचीच राहणार, उलट आता हक्काने राहणार. चार दिवस तिला नीट जेवण गेलं नाही.

*

त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी घाटावर स्नानाची झुंबड होती आणि पायगुंड्यांच्या बाहेरच्या खोलीत विसर्जनाची. लोखंडी पेटीत एक्केचाळीस वह्या रचलेल्या होत्या. लाखेची मोहोर लागली होती. खाली घाटाला महाराजांची नाव उभी होती. अप्पांनी वह्यांना शेवटचं वंदन केलं. त्यांच्या वडिलांचं अक्षर त्या पेटीत होतं.

"महाराज, एक विनंती आहे," शरदिनी म्हणाली. "सतराव्या वहीतलं एक नाव आधी यंत्रात उतरवून दाखवा. एकच. ती वही मी उतरवलेली नाही."

"विसर्जन के बाद," महाराज हसून म्हणाले. "श्रद्धा पहले, फल बाद में."

"बरं. मग पहिला चमत्कार तरी पुन्हा बघू." तिने संगणकाचं बटण दाबलं. सुदैवाने बिजली होती. "आज कापड नाही, डमरू नाही. सगळ्यांनी जवळ या. काकू, तुम्ही पुढे या, तुम्हाला नीट दिसू दे."

अंबिकाकाकू अगदी पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. शरदिनीने 'सामान्य माप' ही फाईल उघडली, पाचशे बारा पुसलं, तिथे आपली जुनी 'मर्यादा नाही' परत लिहिली, अडवून ठेवायची खूण केली. नामावळी उघडली. ती उघडली. पंचांग उघडलं, ते रेंगाळत उघडलं. पत्र उघडलं आणि संगणक गोठला.

"बाई गं," काकू म्हणाल्या. "झोपलं परत."

"अविश्वास से स्मृति लौट गई," महाराज गरजले. "मैंने कहा था—"

"थांबा जरा," शरदिनी म्हणाली. तिने संगणक बंद करून परत चालू केला. त्याच फायलीत पाचशे बारा परत लिहिलं, खूण रद्द केली. एकामागून एक तिन्ही चौकटी उघडल्या. मंत्र नाही, धूर नाही. मागे कुणीतरी खोकलं, ते सवयीने.

"हे काय आहे शरू?" अप्पांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, कोडं होतं.

"अप्पा, आपल्या माडीवर यात्रेकरूंसाठी सहा खोल्या आहेत. न कळवता एखादा यजमान आला तर त्याला काय देता?"

"एक खोली, दोन चटया, एक घागर पाणी. तुझ्या पणजोबांपासूनचा नियम आहे."

"आख्खी माडी का नाही देत? रिकामीच तर असते."

"म्हणजे? मागून दुसरे आले तर ते कुठे जातील? पहिला पसरून बसला की उठवता येत नाही कुणाला."

"मग एक चटई आणि लोटाभर पाणीच का नाही देत? म्हणजे पुष्कळ जण मावतील."

"अगं, तेवढ्यात त्याची आंघोळही होणार नाही. तो दारातूनच परत जाईल." अप्पा आता तिच्याकडे निरखून बघत होते. "आणि कुणी कळवून आला, कुटुंब मोठं असेल, तर त्याला दोन खोल्या देतो. पण न विचारता येणाऱ्याला एकच."

"संगणकाचंही हेच आहे," शरदिनी म्हणाली. "यात स्मृती म्हणजे काही पूर्वजन्मीची आठवण नाही. ती काम करायची जागा आहे, खोल्यांसारखी, मोजकी. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला असं भासवतं की सगळा संगणक तुझ्या एकट्याचा आहे. पुस्तकात त्याला आभासी यंत्र म्हणतात. यंत्र एकच, पण आत तिघं राहतात आणि प्रत्येकाला वाटतं घर आपलंच. आता तिथे न सांगता आलेल्याला किती जागा द्यायची, हे कुणीतरी माणसाने ठरवून लिहावं लागतं. मर्यादा नाही असं लिहिलं, वर घेतलेलं सोडू नको असंही सांगितलं, तर पहिला आला तो माडी अडवून बसतो. तिसऱ्याला उभं राहायला जागा नाही." तिने चौकटी बंद केल्या आणि आकडा पुसून तिथे अगदी छोटा आकडा लिहिला. नामावळीची चौकट उघडायलाच तयार झाली नाही. "आणि हे लोटाभर पाणी. पाचशे बारा म्हणजे एक खोली, दोन चटया, एक घागर."

कुणीतरी हसलं. अंबिकाकाकूंनी मान डोलावली, कारण माडीचा प्रकार त्यांच्याकडेही होता.

"पर पहले ये बिगड़ा कैसे?" महाराजांनी डाव टाकला. "पूछो इनसे."

गोपीनाथ भिंतीशी उभा होता. खांद्यावर शाल होती. शरदिनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे.

"मी बिघडवलं होतं," ती म्हणाली. "श्रावणात मर्यादा नाही असं मीच लिहिलं. माझ्या वहीत आहे, कुणालाही दाखवते. पितृपक्षात तुम्हा सगळ्यांचा जो खोळंबा झाला तो माझ्यामुळे. दोन महिने मला माझी चूक सापडली नाही. ती गोपीनाथांनी शोधली, दहा मिनिटांत, स्वतःच्या अकलेने. मला त्यांचा मत्सर वाटला, अजून वाटतो. पण ते काम त्यांचं आहे. महाराजांचं त्यात काही नाही, गंगेचं नाही, आणि वह्यांचंही नाही. एक नाव खुशाल दोन ठिकाणी राहतं. शंभर ठिकाणी राहतं. वहीवर जो अंगठा आहे तो मात्र एकाच ठिकाणी आहे."

गोपीनाथ पुढे आला. त्याने शाल काढली, नीट चौघडी केली आणि पेटीवर ठेवली.

"ताई पूरं बोलल्या," तो म्हणाला. "मग मलाही पूरं बोलावं लागेल. शास्त्रीजी, ही पेटी गंगेत जाणार नव्हती. एका दुसऱ्या उपाध्यायांकडे जाणार होती. वही ज्याच्याकडे, यजमान त्याच्याकडे."

यावर स्मरणगिरी महाराजांनी जे केलं ते चमत्कार म्हणण्यासारखंच होतं. मृगाजिन, डमरू आणि धुपाटणं गोळा करून एवढा देह एवढ्या गर्दीतून इतक्या चपळाईने बाहेर पडला की अंबिकाकाकूंना नमस्कार आवरता घ्यावा लागला. भगवं कापड तेवढं राहिलं. काकूंनी पुढे त्याची दोन पायपुसणी केली.

जाता जाता लोक आपसांत वाद घालत होते. आपण आधीच ओळखलं होतं असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. शरदिनी दारात उभी राहून त्यांना एवढंच म्हणाली, "ज्या कामावर कापड घालावं लागतं, तिथे हात जोडायच्या आधी कापड काढून बघा. खरं काम असेल तर ते उजेडातही तसंच होईल. आणि समजलं नाही तर विचारा. विचारल्याने देव रागावत नाही, फक्त महाराज रागावतात."

*

गर्दी पांगल्यावर अप्पांनी पेटीची मोहोर स्वतः फोडली. मग ते गोपीनाथकडे वळले. तो दाराशी चपला शोधत होता.

"कुठे निघालात? बसा."

"मी आता फक्त मेकॅनिक आहे शास्त्रीजी."

"ते ऐकलं मी. पाटावर बसा. शरू, चहा." जरा थांबून म्हणाले, "चांगल्या कपात आण."

शरदिनी चहा करायला आत गेली. उकळणाऱ्या पाण्याकडे बघताना तिला परत तेच टोचलं. चूक कबूल तिने केली आणि पाट पुन्हा त्याला. मत्सर असा एका सकाळीत जात नाही. तिने चहा आणला, तेव्हा अप्पांच्या मांडीवर पहिली वही उघडी होती, शेवटच्या पानावर. तिथे पणजोबांच्या मोडी अक्षरात घराचा नियम होता: न कळवता आलेल्या यजमानास एक खोली, दोन चटया, एक घागर. अधिक मागितल्यास व असल्यास द्यावे. माडी कोणा एकास देऊ नये.

"हे तू यंत्रात उतरवलंस ना?" अप्पांनी विचारलं.

"पहिल्याच उन्हाळ्यात."

"उतरवलंस आणि लक्षात घेतलं नाहीस." अप्पा किंचित हसले. "मीही दोन वर्षं तुला बघत होतो आणि लक्षात घेतलं नाही. चल, बस इथे." त्यांनी दौत पुढे सरकवली आणि टाक तिच्या हातात दिला. "याच्याखाली यंत्राचा नियम लिही. माझ्यामागे कुणाला तरी लागेल."

तिला आधी नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. वहीवर लिहायचं, तिने. दोन वर्षं, खरं तर चाळीस वर्षं, ज्याची ती वाट बघत होती ते समोर होतं, आणि समोरच पाटावर तो माणूस फुंकून फुंकून चहा पीत होता.

तिने टाक बुडवला. मग तिने लिहिलं:

'तीन कामे एकत्र चालवण्यास प्रत्येकी पाचशे बारा. अधिक लागल्यास व असल्यास द्यावे. हा आकडा गोपीनाथ यांनी ठरविला, शरदिनीने तपासला. चुकीचा वाटल्यास पुन्हा तपासावा आणि बदलावा.'

अप्पांनी ते वाचलं, शाई वाळेपर्यंत पान धरून ठेवलं आणि उठून स्वतः पंखा बंद केला.